महामार्गावरचं दुचाकींचं टोळकं: धोका सगळ्यांना, चलान मात्र एकेकाला

रविवारी सकाळी जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर कामशेतच्या आसपास चहाच्या टपरीवर उभं राहिलं, की आधी आवाज येतो. गाड्या नंतर दिसतात. मागच्या पावसाळ्यात मी असाच उभा होतो. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेला एक माणूस मोटारसायकलवरून रस्ता ओलांडायला दुभाजकाच्या फटीत थांबला होता. पाच गाड्या जोरात गेल्या. संपल्या असं वाटून त्याने पुढचं चाक रस्त्यावर घातलं, आणि वळणावरून आणखी सात आल्या. काहींनी त्याच्या पुढून कट मारला, काहींनी मागून. कॅन डुचमळले, एकाचं झाकण उडालं आणि रस्त्यावर दूध पसरलं. माणूस वाचला. गाडी ढकलत कडेला आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. टपरीवाल्याने त्याला खाली बसवून पाणी दिलं.

त्या बारा जणांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. मला एकाही गाडीचा नंबर वाचता आला नाही.

असे व्हिडिओ व्हायरल झाले की खाली एकच प्रश्न असतो: "पोलीस काय झोपलेत का?" राग रास्त आहे. पण या प्रश्नाचं उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही. आपला वाहतूक कायदा एक गाडी, एक चालक आणि एक गुन्हा अशा हिशेबाने चालतो. महामार्गावरचा हा धोका मात्र बारा जण मिळून तयार करतात. सगळी गोम तिथेच आहे.

दिंडी आणि टोळकं

चार मित्र मिळून गाड्या काढून लोणावळ्याला गेले, तर त्यात गैर काहीच नाही. शिस्तीने चालणारे रायडिंग ग्रुप आपल्याकडे भरपूर आहेत. निघण्याआधी ते थांबे ठरवतात. सगळ्यात पुढे 'लीड' म्हणजे वाट दाखवणारा असतो आणि सगळ्यात मागे 'स्वीप' म्हणजे कोणी मागे राहू नये हे बघणारा. ते एकाच रेषेत किंवा खेटून चालत नाहीत. एक लेनच्या डाव्या अंगाला, पुढचा उजव्या अंगाला, अशी तिरकी रांग धरतात. संख्या जास्त असेल तर पाच-सहा जणांच्या तुकड्या पाडतात आणि दोन तुकड्यांमध्ये इतर वाहनांना शिरता येईल एवढी जागा सोडतात.

वारीतली दिंडी आठवा. पताकावाले पुढे, टाळकरी त्यांच्या जागी, वीणेकरी मागे, आणि चोपदाराने चोप उंचावला की सगळे शांत होतात. हजारो माणसं चालतात तरी चेंगराचेंगरी होत नाही, कारण प्रत्येकाला आपली जागा माहीत असते.

टोळक्यात जागा ठरलेली नसते. तिथे पुढचा जे करेल ते मागच्याने करायचं, एवढा एकच नियम. त्यातही दोन प्रकार दिसतात. एक, सुट्टीच्या सकाळी घाटाकडे सुटणारी महागड्या गाड्यांची टोळकी. दोन, रात्री उशिरा वांद्रे रेक्लमेशन, पश्चिम द्रुतगती महामार्ग, नवी मुंबईचा पाम बीच रोड अशा सरळ रस्त्यांवर शर्यत लावणारी, ट्रिपल सीट, बिनहेल्मेट, फटाक्यासारखा आवाज काढणाऱ्या सायलेन्सरची टोळकी. ३१ डिसेंबरला आणि सणासुदीच्या रात्री दुसरा प्रकार वाढतो. दोन्हींची आर्थिक परिस्थिती वेगळी असेल, पण रस्त्यावर दोन्हींचं गणित एकच असतं.

शेवटच्याला नेहमी पळावं लागतं

शाळेतली पोरं हात धरून रांगेत रस्ता ओलांडतात ते बघा. पुढच्या बाई सावकाश चालत असतात, पण शेवटचं पोर धावत असतं. पुढे जराशी फट पडली की ती मागे सरकत सरकत मोठी होते आणि शेवटच्याला ती पळून भरून काढावी लागते.

महामार्गावर हेच होतं. समजा पहिला ताशी ७० किलोमीटरने चाललाय. वाटेत ५० ने जाणारा ट्रक आला. पहिल्याने तो ओलांडला, पण शेवटचा फक्त २० सेकंद ट्रकमागे अडकला. वेगात २० किलोमीटरचा फरक, म्हणजे दर सेकंदाला साडेपाच मीटर. २० सेकंदांत तो ११० मीटर मागे पडला. आता हे अंतर त्याला १० सेकंदांत भरून काढायचं असेल, तर त्याची गाडी ११० च्या वेगाने पळायला हवी. म्हणजे पहिला नियमात आहे आणि त्याच्यामुळे शेवटचा घाईला आलाय.

बहुतेक वेळा शेवटी कोण असतं? ज्याची गाडी लहान, ज्याचा सराव कमी, जो ग्रुपमध्ये नवा. मागे राहिलो तर चेष्टा होईल ही भीती त्याच्या डोक्यात असते. म्हणून टोळक्यात सगळ्यात कमी अनुभव असलेला मुलगा सगळ्यात जास्त वेगात असतो. कामशेतला त्या दूधवाल्याच्या अंगावर आलेल्या सात गाड्या ही अशीच मागे राहिलेली शेपटी होती.

थांबायला किती जागा लागते

समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे ब्रेकला हात लागण्याआधीच ३३ मीटर गेले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी ४० मीटर धरा. एकूण जवळपास ७५ मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या सहा-सात एसटी बस. वेग १२० केला तर हाच आकडा १४० च्या आसपास जातो. वेग दीडपट झाला, तर नुसतं ब्रेकचं अंतर सव्वादोनपट होतं. पावसात आणि मागे कोणी बसलं असेल तर आणखी वाढतं.

टोळक्यात दोन गाड्यांमध्ये सहा-सात मीटर असतात. ८० च्या वेगाने हे अंतर पाव ते एक तृतीयांश सेकंदात संपतं, आणि डोळ्याची पापणी मिटून उघडायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. पुढचा घसरला तर मागच्याच्या हातात काहीच उरत नाही, मग तो कितीही पट्टीचा चालवणारा असो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते. दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवलं गेलं. देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्ग लांबीने जेमतेम दोन टक्के भरतात, पण द्रुतगती मार्ग धरून ३६ टक्के मृत्यू तिथे झाले. हे सगळे टोळक्यांचे बळी नाहीत. पण दुचाकी, अतिवेग आणि महामार्ग या तिन्ही गोष्टी टोळक्यात एकत्र येतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, म्हणून सगळ्या गाड्या जुन्या महामार्गावर येतात. त्या रस्त्याला गावं लागून आहेत. शाळेची पोरं, ट्रॅक्टर, वडाप, भाजीच्या हातगाड्या, सगळं त्यावरच.

कायद्यात काय आहे

कलमांची उणीव नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या. चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा ८० आहे. कलम १८४ धोकादायक चालवण्याबद्दल: पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावण्याबद्दल: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय बेदरकारपणे वाहन चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे.

पालकांनी एक कलम नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं: १९९-अ. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हतं" हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावर असते, पोलिसांवर नाही.

मग अडतं कुठे? शर्यतीचं कलम लावायचं तर ती शर्यत होती हे दाखवावं लागतं. कुठून निघाले, कुठपर्यंत ठरलं होतं, पैज होती का? "आम्ही सगळे एकाच वेळी घरी चाललो होतो" असं बारा जणांनी सांगितलं की पुराव्याचा प्रश्न उभा राहतो. धोकादायक चालवण्याचं कलमही प्रत्येकावर वेगळं सिद्ध करावं लागतं. कट मारला तो तिसऱ्याने. पहिला, दुसरा आणि बारावा म्हणणार, आम्ही काय केलं?

बेकायदा जमावाचं कलम आहे, पाच किंवा जास्त माणसांसाठी. पण तिथेही सगळ्यांचा उद्देश एक होता आणि तो गुन्ह्याचा होता हे न्यायालयात टिकवावं लागतं. ते कलम दंगलीच्या जमावासाठी घडवलेलं आहे. एकमेकांची नावंही धड न जाणणाऱ्या, व्हॉट्सॲपवरच्या निरोपावर जमलेल्या रायडरांवर ते नीट बसत नाही.

"पाठलाग करून पकडत का नाहीत?"

आता रस्त्यावरच्या हवालदाराच्या जागी उभे राहा. तुमच्याकडे पोलिसांची बोलेरो आहे. समोर ३५० सीसीच्या किंवा त्याहून मोठ्या बारा मोटारसायकली आहेत. पाठलाग सुरू केला की त्या आणखी वेग घेतात, पांगतात, दोन-चार उलट दिशेने शिरतात. त्यातला एक समोरून येणाऱ्या रिक्षावर आदळला तर त्या रिक्षातल्या बाईचा काय दोष? आणि तो पोरगा दुभाजकावर आपटून गेला, तर उद्या तुमच्यावर चौकशी. पाच हजार रुपये दंडाच्या गुन्ह्यासाठी कोणाचा जीव पणाला लावायचा, हा प्रश्न जगभरच्या पोलिसांना पडतो, आणि बहुतेक शहाणे अधिकारी पाठलाग टाळतात. मला तो निर्णय बरोबर वाटतो.

नाकाबंदी करावी तर तिची खबर मोबाइलवर पंधरा मिनिटांत फिरते. पुढच्याला बॅरिकेड दिसलं की मागचे जागीच वळतात. वेग मोजणारी लेझर गन एका वेळी एकाच गाडीवर रोखता येते. बारा जण एकदम गेले तर एका-दोघांचा वेग नोंदला जातो, बाकीचे निसटतात.

त्यात हद्दीचा प्रश्न. मुंबईहून लोणावळ्याला जाताना मुंबई, नवी मुंबई, रायगड आणि पुणे ग्रामीण अशा चार पोलीस दलांची हद्द ओलांडावी लागते. वर महामार्ग पोलीस वेगळे. वाशीला धुडगूस घातलेलं टोळकं तासाभरात खोपोलीत असतं आणि तिथल्या चौकीत त्याची काहीच नोंद नसते. प्रत्येक हद्दीत त्यांचा तो पहिलाच गुन्हा दिसतो.

"सगळीकडे कॅमेरे आहेत ना?"

आहेत, आणि वाढतही आहेत. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि मालकाच्या मोबाइलवर ई-चलान जातं. कारसाठी हे छान चालतं. दुचाकीची पुढची पाटी लहान असते, पुष्कळदा नसतेच. मागची वर दुमडलेली, चिखलाने माखलेली, कधी मास्क अडकवून झाकलेली. दोन गाड्या खेटून गेल्या तर मागचीची पाटी पुढचीच्या आड जाते.

पाटी वाचली तरी चलान जातं मालकाला. गाडी वडिलांच्या नावावर, चालवत होता भाऊ, किंवा ती जुन्या मालकाच्या नावावरच फिरतेय. कलम १३३ नुसार चालकाचं नाव सांगणं मालकावर बंधनकारक आहे, पण ते विचारायला कोणाला तरी त्या घरापर्यंत जावं लागतं. नाहीतर चलान थकीत यादीत पडून राहतं आणि मालक सवलतीत मिटवायला लोकअदालतीची वाट बघतो. ज्याने हजारोंचा सायलेन्सर बसवलाय, त्याला दोन हजारांचं चलान म्हणजे रविवारच्या नाश्त्याचा खर्च.

"गाड्याच जप्त करा, अक्कल येईल"

मलाही रागाच्या भरात असंच वाटतं. पण कागदपत्रं पुरी असतील तर नुसत्या बेदरकारपणासाठी गाडी कायमची ठेवून घेण्याचा अधिकार पोलिसांना नाही. गुन्ह्यातला पुरावा म्हणून ती जप्त होते आणि मालक न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर सोडवून नेतो. 'सुपूर्दनामा' म्हणजे बोलावलं की गाडी हजर करीन असं लिहून दिलेलं हमीपत्र. पोलीस ठाण्यांच्या आवारात गाड्या गंजत पडू देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच एका निकालात बजावलंय. अटकेचंही तसंच. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक न करता आधी नोटीस द्यावी, हा २०१४ चा निकाल आहे. हे नियम तुमच्या-माझ्या रक्षणासाठीच आहेत, टोळक्यापुरते ते बाजूला ठेवता येणार नाहीत.

खरी जरब बसते ती लायसन्स निलंबनाची, कारण त्यानंतर गाडी चालवताना सापडला आणि अपघात झाला तर विमाही गोत्यात येतो. पण त्यासाठी पोलिसांचा प्रस्ताव आरटीओकडे जायचा, तिथे चालकाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, मग आदेश निघायचा. हे काम किचकट आणि संथ आहे, कोणाला व्हिडिओत दाखवता येत नाही. रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरचा फोटो मात्र पेपरात लगेच येतो. सायलेन्सर चिरडणं चुकीचं नाही. पण दुसरा दुकानात मिळतो, निलंबित झालेलं लायसन्स मिळत नाही.

"पण पुरावा तर ते स्वतःच टाकतात!"

हा सगळ्यात चांगला मुद्दा आहे. टोळक्यातला कोणीतरी हेल्मेटवर कॅमेरा लावून रील टाकतोच, आणि पोलीस त्यावरून गुन्हे दाखल करतातही. अडचण एवढीच की व्हिडिओ न्यायालयात चालवायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे तो कोणत्या यंत्रातून, कसा आला याचं प्रमाणपत्र लागतं. शूटिंग कधीचं, कुठलं हे दाखवावं लागतं. हेल्मेटमधला चेहरा कोणाचा हेही. मेहनतीचं काम आहे, पण होण्यासारखं आहे: पाठीमागचा टोलनाका, पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही, गाडीवरचे स्टिकर, बुटांचा रंग, सगळं जुळवता येतं.

जपानने नेमकं हेच केलं. तिथे 'बोसोझोकु' नावाच्या मोटारसायकल टोळ्यांचा सुळसुळाट होता. १९८२ च्या सुमारास त्यांची संख्या ४२ हजारांच्या वर गेली होती. जपानने १९७८ मध्ये कायद्यात 'मिळून केलेलं धोकादायक कृत्य' असा वेगळा गुन्हाच आणला: दोन किंवा जास्त वाहनांनी एकत्र चालून इतरांना धोका किंवा मोठा त्रास दिला, तर त्यात सामील प्रत्येकजण गुन्हेगार. तरी एक अडचण उरली. "आम्हाला धोका झाला" असं सांगणारा साक्षीदार लागायचा, आणि घाबरून कोणी पुढे येत नसे. २००४ च्या दुरुस्तीने ती अट काढली. पोलिसांनी केलेलं चित्रीकरण पुरेसं ठरू लागलं. रात्री पाठलाग करायचा नाही, शूट करायचं, ओळख पटवायची आणि नंतर सकाळी घरी जाऊन दार वाजवायचं.

टोळ्या ओसरण्यामागे इतरही कारणं होती, तरुणांची घटती संख्या हे त्यातलं एक. पण आपल्या कायद्यात नेमकं काय नाही हे यावरून कळतं. टोळकं हा गुन्ह्याचा घटक म्हणून आपल्याकडे लिहिलेलाच नाही. ते लिहिलं, तर अकरा जणांचं "आम्ही काय केलं" हे उत्तर संपेल.

"खड्ड्यांनी माणसं मरतात, ते आधी बघा"

बघायलाच हवं. खड्डा, बंद दिवे, दुभाजकात गावकऱ्यांनी नाइलाजाने पाडलेल्या फटी, यांनी माणसं जातात आणि त्याला जबाबदार असलेल्यांना शिक्षा होत नाही. पण ज्या रस्त्यावर खड्डे आहेत त्यावर ११० ने जाणं जास्त धोक्याचं, कमी नाही.

"मुलांना ट्रॅक द्या" ही मागणी मला पटते. वेगाची हौस खरी असते, ती दाबून जात नाही. शर्यतींचे मोठे ट्रॅक चेन्नईजवळ, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडात आहेत. पुण्या-मुंबईच्या पोराला ते परवडणारे नाहीत. जवळ, स्वस्त आणि देखरेखीखालची जागा मिळाली तर काही पोरं तरी रस्ता सोडतील. सगळी नाही. काहींना वेगापेक्षा लोकांना घाबरवण्यात मजा येते, त्यांच्यासाठी ट्रॅक हा उपाय नव्हे.

टोळकं अंगावर आलं तर

आपली लेन सोडू नका, आणि एकदम ब्रेकही दाबू नका, मागून येणाऱ्याकडे थांबायला जागा नसते. रस्ता ओलांडत असाल तर पहिल्या गाड्या गेल्यावर मनात दहा आकडे मोजा, शेपटी मागून येत असते. त्यांना धडा शिकवायला आडवी गाडी घालू नका.

मग सुरक्षित जागी थांबून ११२ ला फोन करा. बारा नंबर लागत नाहीत, एक पुरतो. तोही नसेल तर वेळ, दिशा, अंदाजे किती गाड्या, एखादी ठळक खूण आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. पुढच्या टोलनाक्याचं फुटेज किती वाजताचं काढायचं हे त्यावरून ठरतं.

त्या सकाळी मी फोन केला नाही. नंबरच नाही तर काय सांगणार, असं वाटलं. टपरीसमोर, वीस पावलांवर, किलोमीटरचा दगड होता.